आधी पाय, मग तोंड

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकाच घोड्यापुढे चार माणसे उभी असतात आणि चौघांना चार घोडे दिसतात. वरातीसाठी घोडी शोधणारा उंची आणि रंग पाहतो. मारवाडी जातीचा शौकीन कानांची टोके एकमेकांना टेकतात की नाही एवढेच बघत असतो. जुना जाणता गळ्याखाली, छातीवर, डोळ्यांखाली केसांचे भोवरे बोटांनी चाचपतो. आणि धडगावकडून डोंगर उतरून आलेला शेतकरी काही न बोलता खाली वाकतो, घोड्याचा पाय गुडघ्यात दुमडून उचलतो आणि खुराचा तळ पाहतो. घोडा तोच, ऊनही तेच, पण ज्याच्या मनात जे असते ते त्याच्या डोळ्यांपुढे आधी येते आणि बाकीचा घोडा मागे राहतो.

मी पशुवैद्यक. मुंबईच्या १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो, शहादा तालुक्यात नोकरी केली, आणि दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे तपासता तपासता निवृत्त झालो. या बाजाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते: अमुक घोड्याची किंमत किती लाख, कोणी किती कोटींना मागितला तरी मालकाने दिला नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे. इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी घोड्यात काय पाहिले आणि काय त्यांच्या डोळ्यांसमोर असून दिसले नाही, याचा इतिहास मला मोलाचा वाटतो. बाजाराची खरी गोष्ट त्यात आहे.

शहाद्याहून दोंडाईच्याकडे निघाले की तापी ओलांडण्याआधी, नदीच्या उत्तर काठावर सारंगखेडा लागते. इथले दत्तमंदिर एकमुखी दत्ताचे. मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते, तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. गेल्या दशकात त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ हे नाव मिळाले, तंबू आले, स्पर्धा आल्या. पण बाजार जुना. तीनशे वर्षांच्या मागचा, असे इथे सगळेच सांगतात आणि शिवकाळाशीही त्याचे नाते जोडतात. जागा पाहिली की हे पटते. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी रस्ता आपल्या नवापूर-नंदुरबारवरून जात असे. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तो याच वाटेने. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत अरबस्तान-इराणकडून जहाजांनी घोडे उतरत आणि तिथून आत देशावर जात. नदीचे पाणी, थंडीत भरपूर चारा, मोकळे माळ, आणि वर्षातून एकदा जमणारी यात्रा: घोडे उभे करायला याहून चांगली जागा कोणती?

त्या काळी घोडा कशासाठी घेत? त्याच्या पाठीवर बसून लढायला, नाहीतर लांबचा पल्ला गाठायला. घोडा अडखळला तर स्वार गेला. म्हणून पाहणारा आधी पाय पाहणार, मग छाती आणि दम, मग चाल. भीमथडीच्या तट्टांचे नाव झाले ते देखणेपणामुळे नाही. बुटकी, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर दिवसच्या दिवस चालणारी ती जनावरे होती. मराठ्यांच्या पागेत त्यांना मान होता तो याच गुणांसाठी. या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली ती अगदी अलीकडे. इतकी वर्षे तो सगळ्यांसमोर होता.

पाय पाहायला मला शिकवले ते एका नालबंदाने. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. यात्रेत एका लिंबाखाली त्यांचे बिऱ्हाड असायचे: ऐरण, हातोडी, कानस, खिळ्यांचा डबा, खोडाला टेकवलेल्या नाला. गिऱ्हाईक घोडा घेऊन आले की चाचा घोड्याकडे पाहतच नसत. मान खाली घालून विडी ओढत बसत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, “जरा फिरवून आण.” घोडा फरशीवरून जाई, परत येई, आणि चाचा सांगत, “मागचा डावा.” न बघता! टापांचा ठेका त्यांना कळे. चार पायांचा घोडा दुडक्या चालीत दोन-दोन ठोके देतो. एका पायात दुखत असेल तर तो पाय हलका पडतो आणि ठेका लंगडतो. मी कॉलेजात पुस्तकातून शिकलो होतो की पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर घेतो, आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठा एका बाजूला जास्त उचलला जातो. हे मला पाठ होते. पण बाजाराच्या गर्दीत, ढोलाच्या आवाजात, झुलीखाली चमकणाऱ्या घोड्यात मला ते दिसायला वेळ लागला. नियम ठाऊक असणे आणि नजर त्यावर बसणे, यांच्यात वर्षे जातात. चाचा एकच सांगत, आमच्या अहिराणीत: “आधी पाय देख, तोंड मंग.”

तोंड आधी पाहिले की काय होते? सुंदर डोक्याचा, मान कमानीसारखी धरणारा घोडा पाहिला की पाहणाऱ्याचे मन ठरते. मग तेच मन पायांकडे बघायला जाते आणि पायांतही त्याला सौंदर्यच दिसते. डोक्याची वरखाली होणारी हालचाल लंगडेपणाची खूण म्हणून दिसत नाही, नखरा म्हणून दिसते. मी असे सौदे पाहिले आहेत. घोडा मालकाच्या अंगणात पोहोचला, झूल उतरली, ढोल थांबला, आणि दुसऱ्या सकाळी मालकाला तो लंगडा दिसला. आदल्या दिवशीही तो लंगडाच होता.

राज्यकर्त्यांना ही नजरेची अडचण फार पूर्वी कळली होती. हजेरीच्या दिवशी स्वार उसना उमदा घोडा आणून दाखवायचे आणि एरवी मरतुकड्या तट्टावर नोकरी करायचे. त्याला आळा घालायला अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत आणली. शेरशहाने ती पुन्हा उचलली आणि अकबराने १५७० च्या दशकात ती पक्की केली. डागासोबत ‘चेहरा’ लिहिला जाई: स्वाराच्या तोंडावरचे व्रण, तीळ, आणि घोड्याचा रंग, ठिपके, खुणा. लिहिणाऱ्या कारकुनाची नजर अशी कागदाने घडवली. कागदावर जो रकाना असेल ते डोळे शोधतात, रकाना नसेल ते सोडतात. आम्हा डॉक्टरांचेही तेच. आरोग्य दाखल्यावर आज आम्ही घोड्याचे रेखाचित्र भरतो, त्यात कपाळावरचा भोवरा कुठे, पायाचा पांढरा कुठवर, हे काढतो. भोवरा जन्मभर बदलत नाही, म्हणून ओळख पटवायला तो उत्तम. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाचे काम तो करतो.

पण बाजारात भोवऱ्याला दुसरेच काम लागले, आणि ते कित्येक शतकांपासून.

शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावावर चालणारी अश्वशास्त्रे, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहवलेला ‘मानसोल्लास’, फारसी-उर्दूतले फरसनामे, या सगळ्यांत घोड्याची शुभाशुभ लक्षणे आहेत. सआदत यार खान रंगीन या उर्दू कवीने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘फरसनामा’ इतका वापरात होता की फिलट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्याचे भाषांतर १९११ साली छापले. पुस्तके न वाचलेल्या माणसांनाही ही विद्या तोंडपाठ असे, आजही असते. गळ्यावर देवमण हा भोवरा असेल तर सोन्याहून पिवळे. पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचे टोक खाली असेल तर खुंटेगाड: खुंटा रोवला, दावण टिकली. टोक वर असेल तर खुंटेउपट: खुंटा निघाला, घर उजाड. डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसूढाळ, घरात रडारड. खोगिराखाली पाठीवर भोवरा म्हणजे छत्रभंग, धन्याच्या जिवाला धोका. छातीवर हिरदावळ, तीही वाईट. कपाळावर अंगठ्याने झाकेल एवढाच पांढरा ठिपका असला तर सितारापेशानी, अशुभ. तोच ठिपका अंगठ्याबाहेर गेला तर दोष संपला. एकच पाय पांढरा तर आर्जल, टाळावा. चारही पाय आणि तोंड पांढरे तर पंचकल्याण, किंमत वाढली.

ही यादी सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. यातले एकही लक्षण घोड्याबद्दल काही सांगत नाही. घोडा लंगडेल का, त्याला पोटशूळ होईल का, दम किती, वय किती, याबद्दल एक शब्द नाही. सगळी भविष्ये धन्याची आहेत: त्याचे घर, त्याचा जीव, त्याची गोठ्यातली जनावरे. पाहणारा घोड्याकडे पाहतो असे वाटते, पण त्याची नजर स्वतःच्या काळजीवर खिळलेली असते.

तरीही ही विद्या मूर्खपणातून आली असे मी म्हणणार नाही. घोड्याच्या व्यवहारात विकणाऱ्याला सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच नसते. दात घासून वय लपवता येते. रंग लावता येतो. अंगात मस्ती नसलेल्या घोड्याला थोडा वेळ मस्तीत आणता येते. अशा बाजारात नवख्या माणसाला स्वतःच्या बोटांनी तपासता येईल, हेड्याला, म्हणजे घोडे विकणाऱ्या व्यापाऱ्याला, बदलता येणार नाही, अशी एक तरी गोष्ट हवी होती. भोवऱ्याने ती दिली. भोवरा शोधण्याच्या निमित्ताने माणूस घोड्याजवळ थांबला, त्याच्या गळ्यावरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवू लागला, आणि कधी कधी त्या हाताला सूजही लागली. एवढा उपकार भोवऱ्याचा आहे.

आणि केसांच्या वळणात काहीच नसते असेही विज्ञान म्हणत नाही. त्वचा आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरापासून घडतात. टेंपल ग्रँडिन यांनी १९९५ मध्ये गाईबैलांवर अभ्यास केला. ज्यांचा कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, ती जनावरे शिकंजात जास्त बिथरत, असे त्यांना दिसले. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये घोड्यांचा कपाळावरचा भोवरा कोणत्या बाजूला वळतो आणि घोडा डावखुरा की उजवा, यांचा संबंध दाखवला. म्हणजे भोवऱ्यावरून जनावराच्या स्वभावाचा पुसट अंदाज येऊ शकतो. पण धन्याच्या बायकोचे कुंकू त्यावर अवलंबून नाही.

ही समजूत इतकी टिकते कशी? मनाला पुरावा गोळा करता येतो, पण तो एकाच बाजूचा. छत्रभंग घोडा घेतला आणि वर्षाच्या आत धनी गेला, ही हकिगत गावात तीन पिढ्या सांगितली जाते. छत्रभंग घोडा घेतला आणि धनी नातवंडांची लग्ने पाहून गेला, ही हकिगत कोणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखे काहीच नाही. आणखी वाईट म्हणजे समजूत स्वतःला खरी करते. सितारापेशानी घोड्याला भाव मिळत नाही. तो स्वस्तात जातो, स्वस्तात घेणारा त्याला जास्त राबवतो, कमी चारतो, पुन्हा विकतो. दोन-तीन हात बदलल्यावर तो खंगतो, चिडका होतो, चावतो. मग लोक म्हणतात, पाहा, खूण खोटी नव्हती. कपाळावरच्या ठिपक्याने त्या घोड्याचे काही वाईट केले नव्हते. माणसांच्या नजरेने केले. माझ्या तपासणीत असे घोडे आले, ठिपका काळ्या रंगाने झाकलेलेही आले, आणि त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

सारंगखेड्याची यात्रा दत्ताची आहे, म्हणून इथे एका गोष्टीची आठवण येणे साहजिक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरेने तो अवधूत म्हणजे दत्तात्रेय मानला. एकनाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. दत्तभक्तांच्या घरांत ती आजही वाचली जाते. त्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण घडवणारा कारागीर आहे. तो बाणाचे टोक सरळ करण्यात असा गढला होता की शेजारच्या रस्त्याने वाद्ये वाजवत राजाची स्वारी गेली तरी त्याला ती कळली नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता शिकली.

पशुवैद्यकाने त्याच्याकडून आणखी एक गोष्ट शिकायला हवी. राजाची स्वारी खरोखर गेली होती, आणि कारागिराने ती पाहिली नाही. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी हार्वर्डमध्ये हाच प्रयोग केला. चेंडू एकमेकांकडे फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून एका संघाचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश घातलेले माणूस खेळाडूंतून चालत गेले, थांबून छाती बडवून गेले. पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते दिसले नाही. कोणी म्हणेल, ती अडाणी नजर असेल. पण २०१३ मध्ये फुप्फुसाच्या सीटी स्कॅनवर गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टांसमोर असाच प्रयोग झाला. स्कॅनमध्ये गाठीच्या कित्येक पट मोठा गोरिला टाकला होता, आणि २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. त्यांच्यापैकी अनेकांची नजर थेट त्यावरून गेली होती. न्यायदर्शनाने फार आधी म्हटले आहे की मन अणूएवढे आहे, एका वेळी एकाच इंद्रियाला जोडले जाते, म्हणून सगळे ज्ञान एकदम होत नाही. भोवरा शोधणाऱ्या जाणत्याला सुजलेला पाय दिसत नाही याचे कारण त्याची लबाडी किंवा त्याचे अज्ञान नाही. तो पास मोजत असतो.

या सगळ्यात घोडा काय पाहत असतो, हे क्वचित कोणी विचारतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचे दिसते; कपाळाच्या अगदी पुढ्यात आणि शेपटीमागे तेवढी आंधळी जागा. लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसत नाही. निळ्या-पिवळ्यात त्याचे जग. त्याचे लक्ष कुठे आहे ते कानांवरून कळते: कान जिकडे, मन तिकडे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की घोडे एकमेकांचे लक्ष कुठे आहे ते डोळे आणि कान पाहूनच ओळखतात. टांग्याच्या घोड्याला झापड लावत ती याचसाठी. एवढे विस्तीर्ण दिसणाऱ्या जनावराला रस्त्यापुरते दिसावे.

घोडा माणसाला किती बारकाईने पाहतो याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष बर्लिनची आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करी, उत्तर टाप आपटून देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीला त्यात लबाडी सापडली नाही. मग ओस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने काळजीपूर्वक प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर हान्स चुके. विचारणारा त्याला दिसत नसेल तर चुके. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि हान्स तेवढ्यावर थांबे. हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पूर्ण थांबवता आली नाही. मी हे वाचले तेव्हा मला आपल्या बाजारातले हेडे आठवले. तेही असेच. गिऱ्हाईक एका घोड्यावरून नजर काढते पण अंग काढत नाही, हे हेड्याला लगेच कळते. भाव तिथे ठरतो. जनावरांच्या बाजारात दोघांचे हात रुमालाखाली घेऊन बोटांनी भाव बोलण्याची रीत आली ती इतरांपासून आकडा लपवायला. पण तोंड लपवायला रुमाल नसतो. म्हणून जुने गिऱ्हाईक ज्या घोड्यासाठी आले त्याच्याकडे सर्वांत शेवटी जाई. आणि सौदा ठरला की इसार देताना घोड्याला हात लावत नसे, त्याला पाठ देऊन उभे राही.

गेल्या शंभर वर्षांत या बाजाराची नजर वर सरकली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यात रेल्वे आली, पुढे मोटारी आल्या, आणि दूरच्या प्रवासाचा घोडा संपला. मग टांगा राहिला, तोही गावोगाव संपला. मुंबईत व्हिक्टोरिया तर उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने थांबल्या. घोड्यावर पोट असलेली माणसे कमी झाली, तशी पायांकडे पाहणारी नजर कमी झाली. राहिला तो वरातीचा घोडा, शर्यतीचा घोडा, आणि दारात उभा करण्याचा घोडा. वरातीच्या घोड्याकडून प्रवासाच्या रेवाल चालीची अपेक्षा कोणी करत नाही. नाचला की पुरे. उंची इंचात मोजतात, रंगाला पैसे पडतात, नुकरा पांढरा घोडा फोटोत उठून दिसतो. घोड्याचे काम बदलले आणि त्याच्याबरोबर घोड्याचे शरीरच वेगळे दिसू लागले. तेच भोवरे मात्र राहिले, कारण ते घोड्याच्या कामाशी कधी बांधलेलेच नव्हते.

खाली वाकून खूर पाहणारी माणसे आज येतात ती अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातून. तिथल्या कित्येक पाड्यांना घोडा अजून वाहन आहे: बाजाराचे ओझे, रेशनचे धान्य, आजारी माणूस, सगळे त्याच्या पाठीवर. ते उंच घोड्यांच्या तंबूंकडे जात नाहीत. बाजाराच्या कडेला उभ्या लहान चणीच्या तट्टांकडे जातात, खूर बघतात, पाठीवर जखम आहे का बघतात, दगडावरून चालवून बघतात. त्यांच्याशी बोलताना मी सितारापेशानीचे विचारले आहे. त्यांना ते शब्द ठाऊक असतात, पण ते हसून पुढचा पाय उचलतात. घोडा घसरला तर घाटात काय होते हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांचे डोळे तिथेच जातात. चाचांची नजर मला त्यांच्यात दिसते. भोवऱ्यावर मोठाल्या रकमा लावणाऱ्यांपेक्षा घोडा त्यांना जास्त कळतो, हे माझे ठाम मत आहे.

येत्या मार्गशीर्षात तुम्ही सारंगखेड्याला घोडा घ्यायला येणार असाल तर माझे ऐका. ढोल थांबवायला सांगा, झूल उतरवायला लावा. घोडा कडक जमिनीवर सैल दोरीने आपल्यापासून दूर आणि आपल्याकडे दुडक्या चालीत नेऊन पाहा, आणि त्या वेळी फक्त डोक्याकडे आणि पुठ्ठ्याकडे लक्ष ठेवा. चारही खूर उचलून पाहा, तळाला दाबल्यावर तो पाय ओढतो का ते बघा. मग दात पाहा: पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते, त्यानंतर वय सांगणाऱ्याला पुरावा विचारा. नाकपुड्यांत फोड किंवा चिकट स्राव दिसला तर हात लावू नका आणि ताबडतोब पशुवैद्यकाला कळवा. ग्लँडर्स हा रोग घोड्यांकडून माणसांना होतो, बाधित घोड्याला उपचार न करता मारावे लागते, म्हणून रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. त्याचे अंतिम निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. दाखला अस्सल आहे का हे विचारण्यात लाज नाही. एवढे झाले की मग खुशाल भोवरा शोधा. आणि घोडा निरोगी असेल, पायाने चांगला असेल, फक्त कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका असेल म्हणून कोणी त्याला अर्ध्या किमतीत काढत असेल, तर तो घ्या आणि नीट सांभाळा.